सूझनची चौकशी कुणी केली?

दिवाळीच्या अंकात मरणाची गोष्ट काढू नये असा एक संकेत आहे आणि तो मला मान्यही आहे. परंतु ज्या पुस्तकावरून मला आज भांडावयाचे आहे ते मुलांसाठी लिहिलेले आहे. मुलांच्या उत्तम पुस्तकाला इंग्लंडात जे कार्नेगी पदक देतात, ते १९५६ सालासाठी त्याला मिळालेले आहे. आणि त्याच पुस्तकाच्या अखेरीस लेखकाने आपल्या चांगल्या परिचयाची झालेली नऊ माणसे एका आगगाडीच्या अपघातात मारून टाकली आहेत. तेव्हा संकेत मोडल्याचा निम्मा दोष माझ्या पदरी घाला, निम्मा सी. एस. लुइस या गृहस्थांच्या.

मी मॅट्रिकपुढे शिकलेली नाही. इंग्रजी वाचावयास शिकले ती शब्दकोश मांडीवर घेऊन, रात्री, घरातली निजानीज झाल्यावर. म्हणून इंग्रजी साहित्यावर मी बोलावे हे काही विद्वानांना रुचणार नाही. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की मी कादंबऱ्या लिहिते आणि मुलांना शिकवते. कादंबरीतल्या माणसावर अन्याय झाला की तो मला कळतो, आणि मुलांना खोटे सांगितले की तेही कळते. पदवी लागते ती दुसऱ्या कामांना.

गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी ती सांगते. लुइस हे मूळचे बेलफास्टचे, जन्म १८९८ चा. ऑक्सफर्डला आणि मागाहून केंब्रिजला जुने इंग्रजी वाङ्मय शिकवीत. १९५० पासून १९५६ पर्यंत दरसाल एक याप्रमाणे त्यांनी मुलांसाठी सात पुस्तके लिहिली. नार्निया नावाचा एक मुलूख, तेथे जनावरे बोलतात, आणि त्या सर्वांवर अ‍ॅस्लन नावाच्या सिंहाची सत्ता. युद्धकाळात लंडनमधल्या बाँबवर्षावामुळे खेड्यात पाठवलेली चार भावंडे, पीटर, सूझन, एडमंड आणि लूसी, एका कपाटातून त्या मुलखात शिरतात. धाकटा एडमंड तुर्की मिठाईच्या लोभाने आपल्या सख्ख्या भावंडांना चेटकिणीला विकतो. (हे पुस्तक निघाले तेव्हा इंग्लंडातल्या मुलांना मिठाई अजून रेशनवर मिळत होती, ते रेशन १९५३ साली उठले. त्या मुलांना एडमंडचा लोभ आपल्यापेक्षा लवकर समजला असेल.) त्या पोराचा प्राण वाचावा म्हणून सिंह स्वतः एका शिळेवर बळी जातो आणि पहाटे पुन्हा उठतो. सिंह म्हणजे कोण हे मोठ्या वाचकाला तेथेच कळते. लुइस श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि ते त्यांनी लपवले नाही.

त्या रात्री सिंहाच्या शवापाशी कोण होते, हे कृपा करून लक्षात ठेवा. दोघी बहिणी होत्या. सूझन आणि लूसी. भाऊ छावणीत होते. त्याच्या तोंडाला बांधलेले फडके ज्या हातांनी सोडले त्यांत सूझनचे हात होते. थंडीत रात्रभर रडत बसली त्यांत सूझन होती. येशूच्या थडग्याशी पहाटे स्त्रियाच गेल्या होत्या, ही आठवण लेखकाने तेथे मुद्दाम ठेवली आहे.

आता सातवे, शेवटचे पुस्तक: ‘द लास्ट बॅटल’. शिफ्ट नावाच्या एका लबाड वानराला सिंहाचे कातडे सापडते. पझल नावाच्या भोळ्या गाढवाला तो ते पांघरावयास लावतो आणि हाच अ‍ॅस्लन म्हणून जनावरांपुढे उभा करतो. वाघाचे कातडे पांघरणारे आपले पंचतंत्रातले गाढव येथे प्रत्येकाला आठवेल. फरक इतकाच की आपले गाढव शेत खाण्यासाठी फिरत होते आणि ओरडून मेले, हे बिचारे तोंडही उघडत नाही. वानर त्याच्या नावाने हुकूम सोडतो, बोलती जनावरे शेजारच्या कॅलॉर्मेन राज्याला वेठीला विकतो, आणि कोणी शंका काढली तर सांगतो की तुमचा अ‍ॅस्लन आणि कॅलॉर्मेनांचा देव टॅश हे दोघे एकच. दोन्ही नावांची मोट बांधून तो एक तिसरेच नावही बनवतो.

येथे मला जरा थांबले पाहिजे. सर्व देव एकच, हे वाक्य आपण लहानपणापासून संतांच्या तोंडचे म्हणून ऐकतो. लुइसने ते वानराच्या तोंडी घातले आहे! पहिल्यांदा वाचले तेव्हा मी रागाने पुस्तक मिटले. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक सद्‌गृहस्थ तर म्हणाले की, हा सरळसरळ मिशनऱ्यांचा डाव आहे, पुस्तक कपाटातून काढा. मी ते काढले नाही. दुसऱ्या वाचनात कळले की वानराला देवाशी कर्तव्यच नाही. त्याला गुलामांचा सौदा पटवावयाचा आहे. थोर वाक्य सौदागराच्या तोंडी कसे वाजते, हे आपल्याकडे निवडणुकीच्या दिवसांत कोणालाही ऐकावयास मिळते. शिवाय त्याच पुस्तकात एमेथ नावाचा कॅलॉर्मेन शिपाई आहे. जन्मभर टॅशची भक्ती केलेला, अंतःकरणाने स्वच्छ. मरणाच्या दारापलीकडे त्याला सिंह भेटतो आणि सांगतो की निर्मळ मनाने केलेली तुझी सेवा त्या दुसऱ्याची नव्हेच, ती माझ्या खात्यावर जमा आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत दुसऱ्या देवतांच्या भक्तांविषयी जे बोलतात त्याच्या अगदी जवळ हा सिंह येतो. एक पाऊल अलीकडे थांबतो एवढेच, कारण टॅश मुळीच मी नव्हे असे तो बजावतो. कॅलॉर्मेनांचे सावळे रंग, पागोटी, क्रूर चेहरे यांत लुइसच्या पिढीच्या साहेबाचा पूर्वग्रह भरलेला आहे, तो मी नाकारीत नाही. परंतु त्या पूर्वग्रहातूनही त्यांनी एमेथ काढला. एवढे औदार्य या पुस्तकात आहे, आणि म्हणूनच माझी तक्रार जास्त कडू आहे.

शेवटची लढाई एका तबेल्यापाशी होते. तबेल्याच्या दारातून ज्याला ज्याला आत ढकलतात तो आत अंधार नव्हे, एक लख्ख उजेडाचा प्रदेश पाहतो. नार्नियाचा तरुण राजा टिरियन आत येतो तो समोर सात राजे आणि राण्या, माथ्यावर मुकुट. पूर्वीच्या पुस्तकांतून नार्नियात येऊन गेलेली ही मुले, दोघे आता म्हातारे होऊन पुन्हा तरुण दिसणारे. आपल्या जगात त्यांची गाडी उलटली आहे, परंतु ते त्यांना अद्याप उमजलेले नाही. सात माणसे, हवी होती आठ. टिरियन हा तर परका, शेकडो वर्षांनंतरचा. त्याने या राण्यांची नावे जुन्या कथांत ऐकलेली. तोच विचारतो की थोरल्या राणी सूझन कोठे आहेत?

उत्तरादाखल जे येते ते सबंध अर्ध्या पानाचे आहे. थोरला भाऊ पीटर तुटकपणे सांगतो की तिचा आता नार्नियाशी स्नेह उरलेला नाही. युस्टेस म्हणतो, तिच्याजवळ विषय काढला की ती ते सारे बालपणीचे खेळ म्हणून हसण्यावारी नेते. जिल म्हणते, तिला हल्ली नायलॉनचे मोजे, ओठांचा रंग आणि मेजवान्यांची आमंत्रणे यांपलीकडे काही सुचत नाही. वडीलधारी पॉली आपले मत देते की शाळेत असताना हिला कधी मोठी होते असे झाले होते आणि आता त्याच वयात जन्मभर राहण्याचा हिचा बेत आहे. मग पीटर म्हणतो, जाऊ द्या तो विषय, ती फळझाडे पाहा किती सुंदर आहेत. आणि सगळे फळे खातात.

पुस्तकात पुढे सूझनचे नाव येत नाही.

आता वाचकांचे काय म्हणणे आहे ते पाहू. गेली काही दशके या अर्ध्या पानावर इंग्रजी वाचणाऱ्या जगात जेवढे रण माजले आहे तेवढे उरलेल्या सहा पुस्तकांवर मिळूनही नसेल. फिलिप पुलमन या कादंबरीकारांनी, जे स्वतः मुलांसाठी उत्तम लिहितात आणि ज्यांना चर्चचे वावडे आहे, १९९८ साली ‘गार्डियन’ पत्रात कडाडून हल्ला केला. त्यांचा आरोप असा की मुलगी वयात आली, तिला कपडे आवडू लागले, एवढ्यासाठी लुइसने तिला मुक्तीच्या दारातून परत फिरवले. आणि वर मुलांना मारून टाकून मरण हेच जीवनाहून बरे असे सांगितले. हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग यांनीही २००५ साली एका मुलाखतीत हीच नापसंती बोलून दाखवली. तेव्हापासून सर्वत्र एक वाक्य फिरते आहे: लिपस्टिक लावली म्हणून सूझनला नरकात धाडली.

हे वाक्य खोटे आहे. मूळ पुस्तक न वाचता, किंवा वाचून विसरून, ते लोक म्हणत आले आहेत. सूझन नरकात नाही, कारण सूझन मेलेलीच नाही. ती त्या गाडीत नव्हती, फलाटावर नव्हती. तबेल्याच्या दाराशी ती आली आणि तिला परतवले असे पुस्तकात एकही अक्षर नाही. ती लंडनमध्ये जिवंत आहे. दुसरे, मोठे होणे, नटणे, लग्नाचा विचार करणे हे लुइसच्या लेखी पाप असते तर ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ या पुस्तकात हीच सूझन प्रौढ राणी होऊन, परदेशी राजपुत्राच्या मागणीचा विचार करीत मानाने बसलेली दिसली नसती. पुलमनसाहेबांनी ते पान उलटलेच नाही असे दिसते.

तथापि जिलचे ते मोजे आणि तो ओठांचा रंग मला सहज सोडवत नाहीत. लुइसने केलेल्या कालक्रमाप्रमाणे अपघात १९४९ सालचा आहे आणि सूझन एकवीस वर्षांची आहे. १९४९ साल म्हणजे काय? इंग्लंडात कापडाचे रेशन १९४१ साली सुरू झाले ते त्या वर्षी मार्चमध्ये उठले. युद्ध चालू असताना नायलॉन हवाई छत्र्यांसाठी जात होते, बायांच्या पायांत नव्हे. बारातेरा वर्षांची असताना बाँबच्या भीतीने घर सोडलेली मुलगी, विटके कपडे उसवून पुन्हा शिवलेले घालत मोठी झालेली, तिला एकविसाव्या वर्षी नवे मोजे हवेसे वाटले! ऑक्सफर्डच्या खोलीत, पुस्तकांत आणि मित्रमंडळीत बसलेल्या प्राध्यापकाला हा चंगळवाद वाटला असेल. मला तर ते युद्ध संपल्याचे लक्षण वाटते. आमच्या आईच्या पिढीला विचारा, रेशनच्या जाड्याभरड्यानंतर पहिले वॉयलचे पातळ अंगाला लागले तेव्हा काय वाटले होते ते.

लुइसचे कैवारी दुसऱ्या बाजूने येतात. ते म्हणतात: पाहा, सूझन जिवंत आहे ना? मग तिला सुधारावयास वेळ आहे. १९५७ साली एका मुलाला धाडलेल्या पत्रात लुइसने हेच कळवले होते की ती या जगातच राहिली आहे, सध्या ती जरा उथळ व आढ्यताखोर झाली आहे, पण अजून अवकाश आहे, ती आपल्या वाटेने पोहोचेलही. खरे आहे. पत्र चांगले आहे. परंतु पत्र हे पुस्तक नव्हे. जे पुस्तकात म्हणावयाचे ते एका पोराला टपालाने कळवून कादंबरीकार मोकळा होऊ शकत नाही. माझ्या एखाद्या कादंबरीत मी नायिकेला वाऱ्यावर सोडली आणि पुढे वाचकाला कार्ड टाकले की काळजी नसावी, ती सुखरूप आहे, तर तुम्ही मला काय म्हणाल?

दोन्ही पक्ष एकाच प्रश्नावर हुज्जत घालतात: सूझनला स्वर्ग मिळाला की नाही? मला तो प्रश्नच गौण वाटतो. न मिळो. स्वर्ग ज्याचा त्याने मिळवावा. माझा प्रश्न स्वर्गातल्या माणसांना आहे. पुस्तकाच्या अखेरीस सिंह त्या मुलांना सांगतो की गाडीचा अपघात खरा होता, तुम्ही सर्व मेला आहात, आणि तुमचे आईवडीलही. मरणाची ही वार्ता तो शाळेला सुट्टी लागल्याच्या भाषेत देतो. पलीकडच्या टेकडीवरून आईबाप हात हलवताना दिसतात. चार लेकरांतली तीन समोर आली आहेत. आणि आई विचारीत नाही की माझी चौथी कोठे आहे! लूसी, जी एका फॉनच्या दुःखाने रडली होती, जिने पहिल्यापासून सर्वांना जीव लावला, ती सिंहाला म्हणत नाही की सूझन आता एकटी पडली. थोरला भाऊ फळे खातो आहे. इकडे लंडनमध्ये एकवीस वर्षांची एक पोर कोणाच्या तरी हातून निरोप घेते आहे की तुझे आई, वडील, दोघे भाऊ आणि बहीण, सगळे एका सकाळी गेले. तिला ओळख पटवावयास जावे लागणार. पाच प्रेते. लुइसने या खोलीच्या दारापर्यंतदेखील पाऊल टाकलेले नाही.

हा धर्मशास्त्राचा दोष नव्हे. हा कथाकाराचा दोष आहे आणि म्हणून तो मोठा आहे.

कोणी म्हणेल, स्वर्गात दुःख नसते, तेथे ही आठवण कशी येणार? हे उत्तर लुइसच्याच तोंडावर फेकता येते. नार्नियाच्या आधी काही वर्षे त्यांनी ‘द ग्रेट डिव्होर्स’ नावाचे मोठ्यांचे पुस्तक लिहिले. त्यात करड्या नगरीतली भुते एका बसमध्ये बसून स्वर्गाच्या सीमेवर येतात, आणि स्वर्गातली तेजस्वी माणसे आपला पुढचा प्रवास सोडून उलट चालत येतात, आपापल्या ओळखीच्या माणसाला हात देण्यासाठी. कोणी आपल्या नवऱ्यासाठी येते, कोणी जुन्या मित्रासाठी. भूत ऐकत नाही, परत जाते, ती गोष्ट वेगळी. परंतु कोणीतरी आलेले असते. म्हणजे स्वर्गातल्या माणसाने कसे वागावे हे लुइसना पक्के माहीत होते. मोठ्यांच्या पुस्तकात माहीत होते, मुलांच्या पुस्तकात विसरले.

आणि आपल्याला तर हे महाभारताने फार पूर्वी दाखवून ठेवले आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी प्रथम पडली. भीमाने विचारले, ही का पडली? धर्मराज म्हणाला, हिचा अर्जुनाकडे जास्त ओढा होता. आणि मागे न पाहता तो चालू लागला. लहानपणी आजीच्या तोंडून हे ऐकताना मला धर्मराजाचा जो संताप आला होता तोच पीटरचे उत्तर वाचताना आला. मरणाऱ्या बाईचा एक दोष सांगावा आणि पुढे चालावे! परंतु व्यास तेथे थांबत नाहीत. स्वर्गात पोहोचल्यावर धर्मराजाला आधी दुर्योधन बसलेला दिसतो, आणि तो विचारतो, माझे भाऊ कोठे आहेत? कर्ण कोठे आहे? द्रौपदी कोठे आहे? त्याला अंधारात, दुर्गंधीत नेतात. तेथे त्यांचे आवाज ऐकू येतात. आणि हा कर्मठ, थंड, जन्मभर धर्माचे तागडे हाती धरून वागलेला माणूस देवदूताला सांगतो की तू जा, मी येथेच राहतो. मागाहून ते सारे मायेचे ठरते, तो भाग विद्वानांसाठी. मला धर्मराज आवडला तो त्या अंधारात, त्याआधी नाही. नार्नियाच्या थोरल्या राजाला लुइसने ही एक संधी दिली असती, एक वाक्य, “मी सूझनला आणावयास जाऊ का?” एवढे, तर सिंहाने नाही म्हटले असते तरी मी हा लेख लिहिला नसता.

सातही पुस्तकांचा हिशेब मांडून पाहा. एडमंडने भावंडे विकली. त्याच्यासाठी सिंहाने प्राण दिला आणि त्याच्याशी एकांतात बोलला. परमुलखीचा शिपाई एमेथ आला. त्याला आपली हकिकत स्वमुखाने सांगावयास पानेच्या पाने मिळाली. हट्टी बुटके तबेल्यात डोळे मिटून बसले, समोरचे पक्वान्न त्यांना गवत लागले, तरी त्यांच्यासाठी लूसी रडली आणि तिच्या शब्दाखातर सिंहाने त्यांच्यापुढे मेजवानी मांडली. ज्या मुलीने त्याच सिंहाच्या शवापाशी रात्र काढली तिच्यासाठी कोणी रडले नाही आणि तिला एक वाक्यही बोलू दिले नाही. तिचे म्हणून जे काही कानावर येते तेही दुसऱ्याने सांगितलेले, पाठीमागे, वेडावून दाखवलेले.

हे सारे कोणी अडाणी, दगडाच्या काळजाच्या लेखकाने केले असते तर मी दुर्लक्ष केले असते. लुइसची आई १९०८ साली वारली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. सहाव्या पुस्तकात डिगरी नावाच्या मुलाची आई मरणपंथाला लागलेली आहे आणि तो नार्नियाचे एक सफरचंद आणून तिला वाचवतो. स्वतःला जे मिळाले नाही ते लेखकाने त्या मुलाला दिले. ते पान मला कोरड्या डोळ्यांनी वाचता येत नाही. असा माणूस पुढच्याच पुस्तकात एका मुलीची आई नेतो आणि त्याची नोंदही करीत नाही. त्यांची पत्नी जॉय १९६० साली कर्करोगाने गेली. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपल्या शोकाची एक छोटी वही टोपणनावाने छापली, ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’. मागे राहिलेल्या माणसाला दार कसे तोंडावर बंद झाल्यासारखे वाटते, देव कसा गप्प असतो, हे त्यात काही न लपवता लिहिलेले आहे. मी ती वही सूझनची म्हणून वाचते. लुइसना हे रुचले असते की नाही मला सांगता येत नाही, आणि मी त्यांची परवानगीही मागत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. १९६० सालीच, जॉय आजारी असताना, त्यांनी आणखी एका वाचकाला सूझनविषयी उत्तर लिहिले. तिची आशा मी सोडलेली नाही, परंतु तिच्या प्रवासाची गोष्ट मोठ्यांच्या कादंबरीसारखी होईल, ती मला लिहावयाची नाही. तुम्हीच का लिहून पाहत नाही, अशा अर्थाचे ते पत्र आहे. येथे माझा राग जरा खाली बसला. स्वतःला जे जमले नाही ते जमले नाही म्हणणारा लेखक दुर्मीळ. इंग्रज लेखक नील गेमन यांनी २००४ साली ते आव्हान उचलले. त्यांच्या गोष्टीत एक वृद्ध प्राध्यापिका आहे, जिला तरुणपणी अपघातानंतर आपल्या भावंडांची प्रेते ओळखावी लागली होती. गोष्ट मुलांच्या हाती देण्यासारखी मुळीच नाही, आणि तिच्यात सिंहावर सूड उगवण्याची हौस मला जास्त वाटली. पण त्यांनी ती खोली उघडली.

आता ज्यासाठी हे सारे लिहिले ते सांगते. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला शनिवारच्या शेवटच्या तासाला मी ही सात पुस्तके मराठीतून सांगत होते. शेवटच्या शनिवारी सिंहाने अपघाताची बातमी सांगितली, आईबाप टेकडीवर दिसले, मुले खूश झाली. खरेच झाली, लुइसची ती किमया मी नाकारणार नाही. घंटा होण्याला दोन मिनिटे होती. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी कधी तोंड न उघडणारी, उभी राहिली. तिच्या घरी त्याच पावसाळ्यात अशी एक बातमी आली होती आणि ती घेताना घरात हीच एकटी होती. तिने विचारले, “बाई, मग सूझनला कुणी सांगितलं?”

मी म्हणाले, पुस्तकात दिलेले नाही.

“पण कुणीतरी सांगितलं असेल ना?”

मग मी लुइसचे ते साठ सालचे पत्र वर्गाला सांगितले आणि सोमवारी प्रत्येकाने ती गोष्ट लिहून आणावी असे म्हटले. चाळीस वह्या आल्या. पुष्कळांनी सूझनला पुन्हा कपाटातून नार्नियात नेऊन सोडले होते. एका पोराने गाडीच्या ड्रायव्हरला फाशी दिली. मागच्या बाकावरच्या मुलीची वही सर्वांत खाली होती. दीड पान. सूझन घरी येते, दार लावते, लूसीचे कपडे घड्या करून ठेवते. शेजारच्या काकू चहा आणतात, तो ती पीत नाही. मग ती आरशापुढे बसून ओठांना रंग लावते, कारण उद्या माणसे भेटायला येणार आहेत आणि रडलेले तोंड तिला कुणाला दाखवायचे नाही.

शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत.